प्रिंट आहे होय?

"प्रिंट आहे होय?" नगरमध्ये एखाद्या चित्राची किंमत शून्यावर आणायला एवढे तीन शब्द पुरतात. विचारणारा माणूस काही वाईट नसतो. चित्र त्याला मनापासून आवडलेलं असतं. दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून त्याने ते बघितलेलं असतं, बायकोला हाक मारून दाखवलेलं असतं, किंमतही खिशाला झेपणारी असते. मग तो खालची चिठ्ठी वाचतो, तिच्यावर 'पिगमेंट प्रिंट, कॉटन पेपर' असं काहीतरी दिसतं आणि चेहरा पडतो. बासुंदी म्हणून दिलेल्या वाटीत पावडरचं दूध निघाल्यासारखा.

हा लेख त्या पडलेल्या चेहऱ्याविरुद्ध आहे. आणि त्याहून जास्त, त्या चेहऱ्याला पडायला शिकवणाऱ्यांविरुद्ध आहे. त्यात चित्रकारही आले आणि चित्रं विकणारेही आले.

आधीच सांगून टाकतो, मी चित्रकार नाही. मूळचा नगरचा (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडातून अजून नगरच निघतं), पोटासाठी पुण्यात. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या कोडमधले ढेकूण वेचायचे आणि विकांताला एसटीने घरी. शाळेत चित्रकला शिकवणारे एक सर माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यांच्या जलरंगचित्रांचं स्कॅनिंग, रंग जुळवणं, फाईल तयार करणं ही हमाली गेली काही वर्षं मी करतो. त्यामुळे या विषयावर बोलायला माझ्याकडे पदवी नाही, पण शाईचे डाग पडलेले दोन शर्ट आहेत.

आता आपल्याकडे 'प्रिंट' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? फ्लेक्स. दिल्लीगेटपासून सावेडीपर्यंत कुठल्याही चौकात उभे राहा. 'भावी नगरसेवक', 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', खाली पासपोर्ट फोटोंची पलटण, शेजारी कुणाचा तरी दशक्रिया विधी. चौरस फुटाच्या भावाने छापलेलं, प्लास्टिकच्या कापडावर सॉल्व्हंट शाईने मारलेलं, उन्हाने पांढरं पडत जाणारं. त्याचं काम तेवढंच असतं आणि ते काम फ्लेक्स चोख करतो. निवडणुकीनंतर तो टिकावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. गंमत म्हणजे फ्लेक्सचं मशीनही इंकजेटच. शाईचे बारीक थेंब उडवून चित्र उमटवायचं, तत्त्व एकच. म्हणून "दोन्ही प्रिंटच की राव" असं कोणी म्हटलं तर तो खोटं बोलत नाही. फक्त माठही मातीचा आणि कौलही मातीचं, म्हणून कौलात कोणी पाणी भरून ठेवत नाही.

फरक कुठे पडतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं भांडण इथेच आहे. इंकजेटच्या शाया ढोबळमानाने दोन जातींच्या. डाय म्हणजे पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला रंग. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे रंगाचे अतिसूक्ष्म कण, गेरू पाण्यात कालवल्यासारखे. विरघळलेल्या रंगाचा एकेक रेणू उघड्यावर असतो, प्रकाश आणि हवेतला ओझोन त्याला फोडतात. कणामध्ये रेणू दाटीवाटीने बसलेले असतात, बाहेरचे गेले तरी आतले शाबूत राहतात. चित्रकाराच्या ट्यूबमध्येही पिगमेंटच असतं. प्रिंटरच्या निळ्या-सायन शाईत सहसा जे थॅलो नावाचं पिगमेंट असतं, तेच थॅलो ब्लू म्हणून जलरंगाच्या डबीत मिळतं. म्हणजे "हा काय खरा रंग नाही" असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या पॅलेटवरच्या ट्यूबचं लेबल वाचावं.

कागदाचंही तसंच. वर्तमानपत्र उन्हात दोन दिवस ठेवलं की पिवळं पडतं, कारण त्यात लाकडातलं लिग्निन असतं. चित्रासाठीचा चांगला कागद कापसाच्या तंतूंचा, आम्ल नसलेला, आणि वरून शाई जिथल्या तिथे धरून ठेवणारा पातळ थर दिलेला. तो थर नसेल तर शाई टीपकागदासारखी पसरते. पुन्हा अशा प्रिंटरमध्ये चारऐवजी आठ, दहा, बारा शाया असतात. त्यांत काळ्याच्याच फिक्या-गडद दोन-तीन छटा, म्हणजे ढगाच्या पोटातला राखाडी रंग ठिपके ठिपके न दिसता सलग उतरतो.

आणि फाईल. माझ्या धंद्यातला भाग हाच, तेव्हा थोडं सहन करा. सोळा बाय वीस इंचाचं चित्र इंचाला ३०० पिक्सेलने छापायचं तर ४८०० गुणिले ६०००, म्हणजे दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख पिक्सेल लागतात. सोळा बिटमध्ये ठेवलं तर एका चित्राची फाईल १७० एमबीच्या पुढे जाते. आपले चित्रकार बंधू काय करतात? ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढतात, व्हॉट्सॲपवरून प्रिंटवाल्याला पाठवतात (तिथे नेहमीच्या सेटिंगवर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे वीस इंचाला इंचामागे ८०), आणि मग आलेला चिखल बघून "प्रिंटमध्ये मजा नाही" असं जाहीर करतात. भाकरी करपली म्हणून ज्वारीला नावं ठेवण्याचा हा प्रकार.

पण खरा आक्षेप तांत्रिक नसतोच. खरा आक्षेप असा, की हाताचं ते हाताचं, यंत्राचं ते यंत्राचं. हा आक्षेप मी आदराने ऐकून घेतो आणि मग विचारतो, तुमच्या देवघरात काय आहे?

महाराष्ट्राने चित्र पहिल्यांदा घराघरात पाहिलं ते छापलेलंच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली १८७८ साली. राजा रविवर्म्याने मुंबईत प्रेस काढला १८९४ मध्ये आणि नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड, प्रत्येक दगडाचा वेगळा छाप, आणि हे सगळे छाप एकमेकांवर केसाच्या अंतराने बसले पाहिजेत. धंदा म्हणून रविवर्म्याला तो काही पेलला नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याने तो फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. पण आपली लक्ष्मी आणि सरस्वती आज डोळे मिटल्यावर जशी दिसते, ती त्या दगडांवरून आलेली आहे.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर शिर्डीला जा. समाधीमंदिरात १९५४ साली बसवलेली संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली, आणि त्यांच्यासमोर आधाराला होतं ते छायाचित्र. त्या मूर्तीची पुढे छायाचित्रं निघाली, त्यांचे प्रिंट निघाले, आणि ते रिक्षाच्या काचेपासून ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत सगळीकडे पोचले. छायाचित्राची मूर्ती, मूर्तीचं छायाचित्र, छायाचित्राचा प्रिंट. या तिसऱ्या पायरीवरच्या कागदासमोर हात जोडताना आजवर कोणी विचारलेलं नाही, "प्रिंट आहे होय?" हा प्रश्न फक्त गावातल्या चित्रकारासाठी राखून ठेवलेला आहे.

इथे एखादा चित्रकार मला बरोबर पकडेल. म्हणेल, ओलिओग्राफ काय आणि बाबांचा फोटो काय, त्या प्रतिकृती. त्यातून प्रिंट हे कलेचं माध्यम आहे असं कुठे सिद्ध होतं? मान्य. एकदम मान्य. आणि नेमका हाच फरक आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून तर एवढं लिहायला बसलो.

शाळेत आपण सगळ्यांनी भेंडीचे ठसे मारलेत. जरा मोठ्या वर्गात लिनोकट केलाय. लिनोकटमध्ये मूळ चित्र कुठे असतं? लिनोच्या तुकड्यावर उलटं कोरलेलं काहीतरी असतं, पण ते चित्र नव्हे. चित्र पहिल्यांदा जन्माला येतं ते ठसा उचलल्यावर, कागदावर. दहा ठसे काढले तर दहाही अस्सल. एचिंगचं तसंच, चित्रकाराने स्वतः दगडावर काढलेल्या लिथोचं तसंच. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही, कारण ज्याची नक्कल व्हावी असं दुसरं काही अस्तित्वातच नसतं.

आता टॅब्लेटवर काढलेलं चित्र घ्या. डेव्हिड हॉकनीने २०११ च्या वसंत ऋतूत इंग्लंडमधल्या वोल्डगेटच्या रस्त्याची चित्रं आयपॅडवर काढली आणि ती कागदावर उतरवली इंकजेटने. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती भिंतभर लागली. त्यात मूळ चित्र कुठलं? फाईल हे चित्र नव्हे, ती सोर्स कोडसारखी. चालवल्याशिवाय तिला रूप नाही. तीच फाईल तुमच्या मोबाइलवर निळसर दिसते, माझ्या मॉनिटरवर पिवळट. कागदावर उतरली, चित्रकाराने बघून "हं, हेच" म्हटलं, तेव्हा कुठे ते चित्र झालं. इथे इंकजेट ही छपाई राहत नाही, ते लिनोसारखंच एक माध्यम होतं.

आमच्या सरांचं उदाहरण देतो. पावसाळ्यात ते भंडारदरा, रतनवाडीच्या बाजूला चित्रं काढायला जातात. पूर्वी जलरंग, हल्ली बऱ्याचदा टॅब्लेट, कारण अकोल्याच्या पावसात कागद वाळता वाळत नाही. स्क्रीनवर भातखाचरांचा पोपटी असा काही लखलखतो की बघत राहावं. प्रिंट काढला की तो पोपटी विझतो. प्रिंटर बिघडलेला नसतो. स्क्रीन प्रकाश फेकते आणि कागद प्रकाश परत पाठवतो. काही रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. आता काय करायचं? सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते सगळ्या हिरव्या छटा जवळच्या शक्य रंगावर आणून ठेवतं आणि पाच खाचरांचं एकच खाचर होतं. सरांनी काय केलं, डोंगर आणखी काळा केला, आभाळातला निळा काढून टाकला, आणि मग तोच साधा हिरवा कागदावर एकदम उठून दिसायला लागला. तीन वेळा प्रिंट, तीन वेळा बदल. कागद बदलला की पुन्हा पहिल्यापासून. हे निर्णय कुठलं मशीन घेणार? ओल्या कागदावर रंग किती पसरेल याचा अंदाज घेत बसणारा जलरंगवाला जे करतो तेच हे, फक्त बोटं रंगत नाहीत (शर्ट रंगतात).

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. प्रिंटसाठी घडवलेलं, प्रिंटमध्येच पहिल्यांदा पुरं झालेलं चित्र हे अस्सल चित्र. आधी रंगवलेल्या चित्राचा काढलेला प्रिंट ही प्रतिकृती. दोन्हींना भिंतीवर मान आहे, दोन्ही विकायला काही हरकत नाही. गुन्हा फक्त एकच, एक सांगून दुसरं विकणं.

आणि हा गुन्हा राजरोस चालतो. आधी तो फ्रेंच शब्द घ्या, 'जिक्ले'. ऐकायला कसा, चीजकेकसारखा. ग्रॅहम नॅश या गायकाने इंकजेटचं एक मोठं यंत्र, आयरिस, एक लाख सव्वीस हजार डॉलरला घेतलं. ते बनवलेलं होतं छापखान्यात प्रूफ काढायला. त्यावर चित्रांचे आणि छायाचित्रांचे प्रिंट काढण्यासाठी त्याने कॅलिफोर्नियात स्टुडिओ उघडला. तिथल्या जॅक डुगान या छपाईकाराला १९९१ मध्ये प्रश्न पडला, की दालनात 'कॉम्प्युटर प्रिंट' असं लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल. म्हणून त्याने 'फवारणे' अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द बनवला. म्हणजे शब्दाचा जन्मच मुळी "प्रिंट आहे होय?" हा प्रश्न टाळण्यासाठी झाला. वर त्या पहिल्या पिढीच्या शाया डाय होत्या, आणि सुरुवातीचे कितीतरी प्रिंट थोड्याच वर्षांत उडाले. शब्द मात्र टिकला!

२००० साली पिगमेंट शाईचे प्रिंटर घरगुती टेबलावर बसतील एवढ्या आकारात आले आणि खरा बदल तिथून सुरू झाला. त्याच वर्षी एका नामांकित कंपनीच्या डाय शाईच्या प्रिंटरवरचे फोटो विशिष्ट कागदावर हवेतल्या ओझोनमुळे पार नारिंगी पडायला लागले होते, तेही लक्षात असू द्या. आज 'शंभर वर्षं टिकेल' असं छातीठोक सांगणारे ते आकडे कुठून आणतात? प्रयोगशाळेतल्या प्रखर दिव्यांखाली महिनोन्‌महिने प्रिंट ठेवतात आणि त्यावरून हिशोब करतात. त्यातला एक सर्रास वापरला जाणारा हिशोब धरतो की तुमच्या भिंतीवर ४५० लक्स प्रकाश दिवसाचे बारा तास पडतो. नगरच्या एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर, काच न लावता चित्र टांगा आणि मग शंभर वर्षं मोजायला बसा. आकडा खोटा नसतो. त्याच्या अटी कोणी वाचून दाखवत नाही.

दुसरी लबाडी कॅनव्हासची. जाड रंगाच्या तैलचित्राचा फोटो कॅनव्हासवर छापायचा, वरून ब्रशने पारदर्शक जेलचे फटकारे ओढायचे, म्हणजे बोट फिरवल्यावर खरखरीत लागतं, आणि 'हँडवर्क आहे साहेब' म्हणून विकायचं. जेलचे फटकारे एका दिशेला, छापलेल्या ब्रशचे भलत्याच दिशेला. जवळून बघा, लगेच कळतं. माझ्या मते जाड तैलरंगाचा प्रिंट काढूच नये, इंकजेटचा तो प्रांत नव्हे. जलरंग, पेन्सिल, शाईचं रेखाटन, डिजिटल, इथे ते राज्य करतं. मटण चांगलं येतं म्हणून त्याच हॉटेलात श्रीखंड मागू नये.

तिसरी गोष्ट, आणि इथे माझे चित्रकार मित्र माझ्यावर चिडतात, ती म्हणजे '७/५०' हा आकडा. एचिंगच्या, विशेषतः ड्रायपॉइंटच्या पत्र्याला छपाईगणिक झीज असते. काही डझन ठशांनंतर रेषेची मखमल जाते. म्हणून किती ठसे काढले आणि हा कितवा, हे लिहिण्याला अर्थ होता. फाईलला झीज नाही. पन्नासावा काय, पाच हजारावा काय, बिट न्‌ बिट तोच. तिथे ५० हा आकडा पत्र्याने घातलेली मर्यादा नाही, चित्रकाराने दिलेला शब्द आहे. शब्द पाळायचा तर खुशाल आकडा घाला. पण पन्नास संपले की 'वेगळ्या साइझची' नवी पन्नास, मग 'आर्टिस्ट प्रूफ' म्हणून आणखी दहा, असं करायचं असेल तर हे नाटक कशाला? सहीचं पावित्र्य तरी काय, १९७४ मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीवर एक गाडी अडवली तर आत दालीच्या सह्या केलेले चाळीस हजार कोरे कागद निघाले. चित्र अजून छापायचं होतं, सही तयार.

माझा सल्ला उलटा आहे. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या चित्रकाराने संख्येची मर्यादा घालूच नये. टंचाईचा खेळ मुंबईच्या दालनांना परवडतो. तिथे चित्र कपाटात ठेवून भाव वाढायची वाट बघणारे लोक आहेत. आपल्याकडे गिऱ्हाईक कोण? नव्या फ्लॅटचं कर्ज फेडणारे शिक्षक, दवाखाना काढलेली डॉक्टरीणबाई, पतसंस्थेचा मॅनेजर. त्यांना चित्र लावायचं असतं, गुंतवायचं नसतं. आज ते काय लावतात? सात धावते घोडे, स्वित्झर्लंडचा धबधबा किंवा बुद्धाचं अर्धं तोंड. ऑनलाइन मागवलेलं, कुणी काढलंय पत्ता नाही. रतनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या दिवाणखान्यात आल्प्स पर्वत! त्याला घाटघरचा पाऊस परवडेल अशा किमतीत, गावच्या चित्रकाराच्या सहीने मिळाला तर तो घोडे उतरवेल असा माझा अंदाज आहे. सरांचे प्रिंट ज्यांनी नेले त्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात आधी कधी चित्र विकत घेतलेलं नव्हतं.

"मग आमचं मूळ चित्र कोण घेणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. रविवर्म्याचं उदाहरण पुन्हा बघा. त्याच्या चित्रांच्या जितक्या प्रती निघाल्या तितक्या भारतात क्वचितच कुणाच्या निघाल्या असतील, काडेपेटीपर्यंत गेल्या त्या. तरी १९७९ मध्ये त्याच्या कामाला राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर न्यायला बंदी झाली आणि आज मूळ तैलचित्रं कोटींच्या भावात जातात. प्रतींनी मूळ चित्र मेलं नाही. मरतं ते कुणीच न पाहिलेलं चित्र, कपाटावर ट्रेसिंग पेपरमध्ये गुंडाळून ठेवलेलं, कसर लागलेलं. अशी गुंडाळी जिल्ह्यातल्या कितीतरी चित्रकलाशिक्षकांच्या घरी तुम्हाला दिसेल.

आणि आगीचं काय सांगावं. २०१८ साली प्रमोद कांबळे यांच्या नगरच्या स्टुडिओला आग लागली आणि वर्षानुवर्षांचं काम त्यात गेलं. प्रिंटने ते परत येत नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या धंद्यात बॅकअप न घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी नोकरी नसते, आणि चित्रकलेत तीस-तीस वर्षांच्या कामाची एकही धड स्कॅन नसणं हे साधेपणाचं लक्षण मानलं जातं.

बरं, घेणाऱ्याने ओळखायचं कसं? प्रिंट उलटा करा. मागे चिठ्ठी हवी: शाई पिगमेंट की डाय, कागद कुठला आणि कशाचा, कधी छापला, मूळ चित्र वेगळं आहे का आणि असेल तर कशात केलेलं, आणखी प्रती निघणार की नाही. पाच ओळी. त्या लिहायला जो कां-कूं करेल त्याच्याकडून घेऊ नका. आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदारांकडे असतो ना, तो अंधारात कागदावर धरा. कागद भगभगीत निळा-पांढरा चमकला तर त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं आहे. ते कालांतराने निकामी होतं आणि आजचा शुभ्रपणा पिवळट होत जातो. शांत, मऊ दिसला तर बरा. साबणाच्या जाहिरातीतल्या शर्टासारखा पांढरा कागद चित्राला नकोच असतो.

आता एक मागणी, आणि ती फक्त चित्रकारांकडे नाही. नगरची स्वतःची चित्रकला आहे हे नगरमध्ये किती जणांना माहीत आहे? हुसेन निजामशाहाचं गुणगान करणारं आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य, 'तारीफ-ए-हुसेनशाही', तालीकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर थोड्याच वर्षांत सचित्र लिहिलं गेलं. त्यातली बारा चित्रं शिल्लक आहेत. दख्खनी चित्रशैलीच्या सगळ्यांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. ते हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. निजामशाही सुलतानाचं एक अप्रतिम व्यक्तिचित्र तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. नगरकर रोज भुईकोटावरून, फराहबागेवरून जातो, पण ज्या दरबाराने ते बांधलं त्याचे रंग त्याने पाहिलेले नसतात. मूळ पानं काही नगरला येणार नाहीत, येऊही नयेत. साडेचारशे वर्षांचा कागद उजेडात टांगायचा नसतो. मग उरतो तो प्रिंटच. बाराही चित्रं मूळ मापात, कापसाच्या कागदावर, पिगमेंट शाईने, खाली ठळक अक्षरात 'प्रतिकृती' असं लिहून आपल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात का लावू नयेत? या कामाला हे यंत्र जितकं लायक आहे तितकं दुसरं काही नाही.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. त्या चित्रांत राणी खुंझा हुमायूं राजाशेजारी होती, आणि नंतर कुणीतरी बऱ्याच ठिकाणी तिची आकृती पुसून, रंगाने झाकून टाकली. ज्या राणीने मुलाच्या नावाने राज्य केलं आणि जिला त्याच मुलाने पुढे कैद केलं, तिच्या जागी तो डाग आहे. फोटोशॉप हातात असलेल्या कुठल्याही उत्साही माणसाला तो डाग 'साफ' करून तिथे एक राणी बसवायचा मोह होणार, आणि हल्ली तर एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात हवी तशी राणी मिळेल. तो डाग जसाच्या तसा छापला पाहिजे. नगरच्या इतिहासातली ती एक बातमी आहे.

अडचण आहे ती सोन्याची. दख्खनी लघुचित्रांत सोनं सढळ हाताने वापरलेलं असतं आणि इंकजेटकडे सोनं नाही. जास्तीत जास्त मोहरीच्या रंगाचा सपाट पट्टा येतो. सर म्हणतात, सोन्याची जागा कोरी सोडून प्रिंट काढायचा आणि तिथे वर्ख हाताने बसवायचा. जेलच्या फटकाऱ्यांवर एवढं तोंडसुख घेतल्यावर मी याला हो कसं म्हणणार, असं त्यांनी मला विचारलंही. माझं उत्तर सोपं होतं, मागच्या चिठ्ठीत सहावी ओळ वाढवा. पुढच्या विकांताला सरांच्याच एका जुन्या चित्राच्या प्रिंटवर करून बघणार आहोत. या कोटिंगवर डिंक वर्ख धरतो की खालची शाईच ओढून काढतो, ते आधी कळायला हवं.